आधी त्याचं सांगा

माझा नातू संध्याकाळी टीव्हीवर चर्चा लावतो आणि मी त्याला आवाज बंद करायला लावते. पडद्यावर चौकटीच चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत एक माणूस हातवारे करत असतो आणि सगळे एकदम बोलत असतात. आवाज बंद केल्यानं काही बिघडत नाही, कारण तिथं तसंही कुणी कुणाचं ऐकत नाही. नातू चिडतो. म्हणतो, आजी, तुला राजकारणाच्या चर्चेतलं काय कळतं? मला चर्चेतलं सगळं कळतं. मी अमरावतीची आहे आणि रविवारच्या चर्चेत लहानाची मोठी झाले आहे. हे त्याला सांगून झालं आहे, पण म्हातारी गोष्टी फुगवून सांगते असं त्याला वाटतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं.

अमरावतीला परकोटाच्या आत एका वाचनालयाच्या माडीवर ही चर्चा दर रविवारी दुपारी भरायची. तिला नाव नव्हतं. लोक नुसतं 'रविवार' म्हणायचे. 'रविवारले येनार का?' असं कुणी बुधवारी रस्त्यात विचारलं तरी ऐकणाऱ्याला नेमकं कळायचं. स्वातंत्र्य आल्यावर थोड्याच दिवसांत ती सुरू झाली आणि बंद पडली तेव्हा माझी मुलं शाळेत जाऊ लागली होती. खाली सतरंज्या, पुढं एक मेज, मेजावर दगडाचा एक गोल गुळगुळीत पेपरवेट. पुरुष उजवीकडं, आम्ही बायका डावीकडं खिडकीशी. चहा नाही, हार नाही, आभार नाहीत. विषय मात्र सगळ्या देशाचे. कूळकायदा बरा की वाईट, हिंदी शिकावी की नाही, विदर्भ वेगळा असावा की मुंबईकडं जावं, धरणं आधी की शाळा आधी. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा त्यावरसुद्धा दोन रविवार गेले, आणि दुसऱ्या रविवारी अडत्ये आणि मास्तर एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

मेजामागं बसायचे ते आमचे वकीलसाहेब. मूळचे चांदूर बाजारकडचे, घरची काळी जमीन भरपूर, अंगात कोट आणि पायात गावाकडच्या वहाणा. कोर्टात त्यांची उलटतपासणी ऐकायला लोक जायचे. माझे बाबा त्यांचे जिवलग मित्र. बाबा पुरोहित. परकोटातली निम्मी लग्नं नि मुंजी त्यांच्या हातून लागलेली. तरुणपणी काशीला राहून ते न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचं नि वादाचं शास्त्र, शिकून आले होते आणि सत्यनारायणाला त्या शिक्षणाचा काडीचा उपयोग नव्हता. मंत्र म्हणताना त्यांचा एकही उच्चार इकडचा तिकडं व्हायचा नाही, आणि मंत्र संपला की अस्सल वऱ्हाडी. पुण्याचे एक पाहुणे त्यांचं दोन्ही ऐकून चकित झाले होते. त्यांना वाटलं, दोन वेगळी माणसं बोलत आहेत.

तर नियम. तो बाबांनी काशीहून आणलेला, आणि वकीलसाहेबांनी चर्चेला लावलेला. शास्त्रात आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं असतं, नीट, त्याच्या सगळ्या बळानिशी, आणि मगच ते खोडायचं असतं. रविवारी हे सक्तीचं होतं. तुम्हांला एखाद्याला उत्तर द्यायचं असेल तर उठायचं, आणि आधी त्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तो समोरच बसलेला असायचा. त्याला पटलं तर तो म्हणायचा, 'हेच म्हन्तो मी.' हे तीन शब्द आले की तुम्हांला उत्तर द्यायची मुभा. तो 'नाही' म्हणाला की पुन्हा मांडायचं. तीनदा संधी. तिसऱ्यांदाही 'नाही' आलं की वकीलसाहेब पेपरवेट मेजावर एकदा आपटायचे आणि तुम्ही खाली बसायचं. तुमचं उत्तर कितीही बिनतोड असो, ते तुमच्या पोटातच राहायचं. आणि उत्तर देऊन झाल्यावर, त्यावर कुणाला काही सुचलं नाही, की वकीलसाहेब एकच शब्द बोलायचे. 'टिकते.' त्या एका शब्दासाठी मोठी मोठी माणसं आठवडाभर तयारी करायची.

कुणी म्हणेल, मग मुद्दाम 'नाही' म्हणत बसले की झालं. तसं एकानं केलंही होतं. पण सगळी माडी ऐकत असते, आणि आपलंच म्हणणं समोरच्यानं आपल्यापेक्षा सरस मांडलेलं असताना 'नाही' म्हणायला फार जाड कातडी लागते. त्या गृहस्थाला लोकांनी पुढं रस्त्यात 'नाहीसाहेब' म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर कुणी तो उद्योग केला नाही.

नवखे लोक फार गडबडायचे. ते पुण्याचे पाहुणे व्याख्यान म्हणून उभे राहिले आणि विरोधकांवर तुटून पडले. वकीलसाहेबांनी त्यांना मध्येच थांबवलं. 'साहेब, आधी त्याचं सांगा, मग आपलं.' पाहुणे म्हणाले, मी व्याख्यान द्यायला आलो आहे. वकीलसाहेब म्हणाले, देजा ना, पन तो काय म्हनून राह्यला ते तं सांगा. पाहुण्यांना ते उद्धट वाटलं. आमच्याकडं त्याला बोलणं म्हणतात.

विदर्भाचा प्रश्न निघाला त्या रविवारी तर कमालच झाली. माडी मधोमध चिरल्यासारखी झाली होती. दोन्हीकडचे एकामागून एक उठले, दुसऱ्याचं म्हणणं मांडू लागले, आणि समोरून 'नाही', 'नाही', 'नाही'. दिवेलागणीपर्यंत एकालाही उत्तर देण्याची मुभा मिळाली नाही. वकीलसाहेब शेवटी म्हणाले, आज आपल्याला एवढंच कळलं की आपल्याला एकमेकांचं काही कळत नाही, आणि चर्चा उठली. मला विचाराल तर तो आमचा सगळ्यांत चांगला रविवार होता.

मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. त्याच्या आदल्या साली आई गेली होती. माझा मोठा भाऊ नागपूरला नोकरीला लागला होता, त्यामुळं घरात बाबा, मी आणि बाबांची विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या मायाळू होती, पण तिचं एक होतं, ती कुणाच्याच शब्दाबाहेर जायची नाही. बाबा म्हणाले आज ऊन फार आहे, तर ती म्हणे, फारच आहे. बाबा म्हणाले तेवढं काही नाही, तर ती म्हणे, तेवढं काही नाहीच. यजमानांचंही तेच. गुरुजी म्हणतील ते खरं. आई मात्र तशी नव्हती. ती ताट वाढता वाढता बाबांच्या न्यायशास्त्राच्या चिंधड्या करायची. ती गेल्यावर बाबा घरात बोलेनासे झाले. पानावर बसायचे, दोन घास खायचे आणि उठायचे. किती महिने असं चाललं ते आता आठवत नाही, पण एका संध्याकाळी जेवताना ते सहज काहीतरी बोलले, मुलींना गणित कशाला हवं असं काहीतरी, आणि मी म्हणाले, बाबा, हे काही पटत नाही. त्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, आधी माझं सांग. मी त्यांचं सांगितलं, मग माझं सांगितलं. आत्या मध्येच दोघांनाही बरोबर म्हणत होती. त्या दिवशी बाबांनी भाकरी मागून घेतली. पुढच्या रविवारी ते मला माडीवर घेऊन गेले.

पुढं मी वाढतच गेले, तोंडानंही. बी.ए. झाले, राज्यशास्त्र घेऊन एम.ए. झाले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. रविवारी मी उठले की पुरुषांच्या बाजूला चुळबुळ व्हायची, आणि ती मला आवडायची. खोटं कशाला बोलू? मी चांगली बोलायची. तीन संधी मला क्वचित लागायच्या. समोरचा माणूस काय म्हणतो आहे आणि कशासाठी म्हणतो आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून कळायचं. वकीलसाहेब म्हणायचे, हे पोट्टी वकील व्हाले पायजे होती. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि उपरणं सारखं करायचे.

अशात अकोल्याच्या एका कॉलेजात माझी नेमणूक झाली. राज्यशास्त्राची प्राध्यापक. मी अर्ज केला होता हे बाबांना माहीत होतं, पण तो स्वीकारला जाईल असं बहुधा त्यांना वाटलं नव्हतं. अकोला म्हणजे काही विलायत नाही. बडनेऱ्याला गाडी बदलायची, मूर्तिजापूर गेलं की आलंच. पण तिथं एकटीनं खोली घेऊन राहायचं, लग्न न झालेल्या मुलीनं. बाबा म्हणाले, नाही.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हणाले, लोक मी माडीवर बोलते तेव्हाही म्हणतच होते. ते म्हणाले, लग्नाचं काय. मी म्हणाले, अकोल्यातही माणसं राहतात. ते म्हणाले, आपल्याला पैशाची गरज नाही. मी म्हणाले, मी पैशाचं बोललेच नाही. एकेक कारण मी खोडत गेले आणि ते नवं काढत गेले. शेवटी कारणं संपली आणि नुसतं 'नाही' उरलं. आठवडा असाच गेला. आत्या बाबांकडं गेली की म्हणायची पोरीनं ऐकावं, आणि माझ्याकडं आली की म्हणायची जावं ग खुशाल.

मला राग आला होता तो 'नाही'चा नाही. ज्या माणसानं सगळ्या गावाला शिकवलं की आधी समोरच्याचं सांगा, त्यानं स्वतःच्या मुलीचं एकदाही सांगून पाहिलं नव्हतं, याचा आला होता. मी तडक वकीलसाहेबांकडं गेले आणि रविवारसाठी विषय दिला. सज्ञान मुलीनं घरच्यांची संमती नसताना परगावी नोकरीला जावं की नाही.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. घरातलं भांडण माडीवर कशाला आणतेस, असं ते म्हणाले. मी म्हणाले, माझ्या शाळेत शिकणाऱ्या निम्म्या मुलींपुढं उद्या हाच प्रश्न येणार आहे, तेव्हा हे घरातलं राहिलेलं नाही. ते म्हणाले, गुरुजी कबूल असतील तरच.

बाबा कबूल झाले. माझ्याकडं न पाहता म्हणाले, विषय चांगला आहे. मग जेवताना त्यांनी आणखी एक अट घातली. सोमवारी अकोल्याला होकार किंवा नकार कळवायचा होता. माडीवर मी टिकले तर मी जावं, त्यांची हरकत नाही. मी बसले तर सोमवारी नकार कळवावा आणि पुन्हा विषय काढू नये. मी हो म्हणाले. मला हरण्याची भीती मुळीच नव्हती. अकोल्याची खोलीसुद्धा मी मनातल्या मनात लावून टाकली होती, पुस्तकं कुठं, खुर्ची कुठं.

त्या रविवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात माणसं उभी होती. बायकांची बाजू एरवी कधी भरायची नाही, ती भरून वाहत होती. बाबांचे बहुतेक यजमान आले होते. गुरुजी आणि त्यांची मुलगी समोरासमोर, हे कोण सोडणार?

आधी मी माझं म्हणणं थोडक्यात मांडलं. मग बाबा उठले. त्यांना मला उत्तर द्यायचं होतं, म्हणून आधी माझं सांगणं भाग होतं. त्यांनी सुरुवात केली, की मुलीला वाटतं शिकलेल्या बाईनं शिक्षणाचं चीज करावं, विद्या घरात कुजवू नये. छान मांडलं. पण ते शाळेत शिकवूनही होत होतं. मी म्हणाले, 'नाही.'

माडीत हलकीशी कुजबुज झाली. बाबांनी पुन्हा मांडलं. मुलीला वाटतं तिच्यावर कुणाची सत्ता असू नये, मुलाला जी मोकळीक तीच तिला असावी. भाऊ नागपूरला गेला तेव्हा कुणी संमती विचारली नव्हती. हेही खरं होतं, आणि बाबांनी ते स्वतःच्या विरुद्ध असूनही जोरात मांडलं. पण मी अकोल्याला निघाले होते ते भावाची बरोबरी करायला नाही. मी म्हणाले, 'नाही.'

आता बाबा थांबले. मी त्यांना अडचणीत पकडलं होतं आणि मला त्याचा आनंद होत होता, हे सांगून टाकते. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढलं, हातात धरलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं.

'हे पोट्टी म्हन्ते,' ते म्हणाले, 'इथं मी उठली का सारे ऐकतात. पन ऐकतात ते गुरुजीची पोट्टी म्हनून ऐकतात. मले पायचं हाय, जिथं माह्या बाप कोनालेच माईत नाही, तिथं माह्यं बोलनं कोनी ऐकते का.'

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा इतकं स्वच्छ म्हटलं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम.

'हेच म्हणते मी,' मी म्हणाले.

मग बाबांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर मोठं तोलामोलाचं होतं. ते म्हणाले, अनोळखी गावात एकट्या बाईचं आधी काही ऐकलं जात नाही, आधी तिला पाहिलं जातं. तिचं येणं-जाणं मोजलं जातं. तिचं बोलणं ऐकण्याइतका विश्वास बसायला वर्षं जातात, आणि ती वर्षं तिला एकटीला काढावी लागतात. बापाचं नाव ही बेडी आहे असं तिला वाटतं, पण तेच तिचं छत्रही आहे. बोलताना ते एकदोनदा मध्येच थांबले. एरवी ते असे थांबले की मी 'पण बाबा' म्हणून आडवी यायची आणि ते खूश होऊन पुढचा मुद्दा काढायचे. माडीवर मध्ये बोलायला मनाई होती. तरी ते थांबले, सवयीनं, आणि बायकांच्या बाजूला पाहिलं.

माझी पाळी आली. उत्तर माझ्याजवळ तयार होतं. खरं म्हणजे दोन होती. पण आधी त्यांचं सांगायचं होतं. मी म्हणाले, बाबांना मुलीच्या अब्रूची काळजी आहे, एकट्या मुलीकडं लोक कसे पाहतात ते त्यांना माहीत आहे.

बाबा म्हणाले, 'नाही.'

मला धक्काच बसला. आताच तर ते हे बोलले होते. पण बाबा खोटं 'नाही' म्हणणारे नव्हते. तो नियम त्यांचा स्वतःचा होता. मी पुन्हा मांडलं. पुरोहिताचं घर यजमानांच्या विश्वासावर चालतं, मुलगी एकटी परगावी राहिली की यजमान दुसरा गुरुजी शोधतात, आणि या वयात त्यांना नवा धंदा येत नाही. हे बोलायला धीर लागत होता, यजमान समोरच बसले होते. काहींनी माना खाली घातल्या.

बाबा म्हणाले, 'नाही.'

वकीलसाहेबांचा हात पेपरवेटवर गेला. एकच संधी उरली होती. मी बाबांकडं पाहिलं. उपरण्याची त्यांनी घडी केली होती, ती मोडली, पुन्हा केली. आणि मला एकदम ती जुनी संध्याकाळ दिसली, खाली ठेवलेला घास आणि मागून घेतलेली भाकरी. इतका सगळा आठवडा मी त्यांची कारणं खोडत होते आणि खरं कारण माझ्या समोर पानावर बसून जेवत होतं. मी अकोल्याला गेले की त्या घरात आत्या उरणार होती, जी ऊन फार आहे म्हटलं तर फारच म्हणते. बाहेर यजमान उरणार होते, ज्यांना गुरुजी म्हणतील ते खरं. बाबांना 'पटत नाही' म्हणणारं माणूस त्या घरातून एकदा गेलं होतं, आणि तेव्हा ते जवळजवळ मुके झाले होते. आता दुसरं निघालं होतं.

ते सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. मला खात्री होती की बाबा 'हेच म्हन्तो मी' म्हणाले असते, कारण ते खोटं बोलले नसते. मग मी माझं उत्तर दिलं असतं आणि टिकले असते. अकोला माझ्या हातात होतं. पण समोर त्यांचे सगळे यजमान होते, ज्यांच्या घरच्या लग्नात आणि मर्तिकात ते ताठ बसून धीर देत आले होते. त्यांच्यापुढं त्यांना एकटेपणाची भीती वाटते, हे त्यांच्या तोंडून वदवून मी अकोल्याला जाणार नव्हते. नोकरीसाठी नाही, आणि 'टिकते' या शब्दासाठी तर नाहीच.

'मला त्यांचा पक्ष मांडता येत नाही,' मी म्हणाले, आणि खाली बसले.

पेपरवेट आपटला. वकीलसाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांचा खटला बुडवला आहे. पुरुषांच्या बाजूला काहीजण मनापासून खूश झाले, एकानं तर शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. माझ्या वर्गातल्या दोन मुली आल्या होत्या, त्या माझ्याकडं पाहीनात. मला रडू आलं नाही. मी सरळ बसून राहिले. मला कुणी हरवलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि तेवढं मला पुरत होतं. अकोल्याचं मात्र वाईट वाटलं, फार वाटलं.

बाबा आणि मी घरी निघालो. ऊन उतरलं होतं. लोक बाबांना नमस्कार करत होते, दोनचार जणांनी अभिनंदनही केलं. त्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. परकोटाच्या दरवाजातून बाहेर पडलो, संत्र्यांच्या गाड्या लागतात तिथं आलो, आणि ते थांबले.

'तुले मांडता येत होतं,' ते म्हणाले. 'मी पाह्यलं तुह्या तोंडावर. मांगच्या रविवारी त्या डाक्टरचं मांडलं तवा असंच तोंड झालं होतं तुह्यं. काहून नाही मांडलं?'

ते म्हणाले, संधी एक बाकी आहे, आणि नियम माडीवरचा तोच रस्त्यावरचा. सांग आता.

मग मी सांगितलं. गाडीवाला संत्री रचत होता, तो सोडला तर ऐकायला कुणी नव्हतं. 'तुम्ही म्हणता, तू गेलीस की या घरात मला नाही म्हणणारं कुणी उरणार नाही. आणि आई गेल्यावर मी तसं राहून पाहिलं आहे.'

बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग घसा साफ केला आणि माडीवर म्हणतात तशा आवाजात म्हणाले, 'हेच म्हन्तो मी.'

मला वाटलं आता घरी जायचं. पण ते हलले नाहीत.

'पक्ष मांडला तू,' ते म्हणाले. 'आता उत्तर दे.'

माझी तयार असलेली दोन्ही उत्तरं फुकट गेली होती. ती अब्रूची आणि यजमानांची उत्तरं होती, याचं उत्तर त्यांत नव्हतं. मला तिथंच रस्त्यावर नवं शोधावं लागलं, आणि माझ्या आयुष्यात मी एवढा विचार करून कधी बोलले नसेन. मी म्हणाले, घरात बसून रोज नाही म्हणणारं माणूस हळूहळू आत्यासारखं होतं. तुमचं सगळं ऐकून ऐकून माझंही तुमच्यासारखंच होत चाललं आहे, गेल्या दोन वर्षांत मी तुम्हांला फारसं खोडलेलं नाही, आठवून पाहा. मी तिथं जाईन, तुम्ही कधी ऐकलं नाही असं ऐकीन, आणि शनिवारच्या गाडीनं येईन. रविवारी माडीवर तुमच्यासमोर बसेन. आठवडाभराचं एकदम नाही म्हणेन.

बाबा विचार करत उभे राहिले. कुठल्याही माणसाच्या कुठल्याही मुद्द्याचा ते करायचे तसाच, डोळे बारीक करून, मुद्दा कुठं फुटतो ते पाहत. गाडीवाल्यानं विचारलं, गुरुजी, संत्री देऊ का? त्यांनी हातानं त्याला थांबवलं.

'टिकते,' ते म्हणाले.